आसफ फैजी : पोथ्या उघडणारा कुलगुरू

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात, नाशिक येथे, पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)





आत्ताच आपण दहावी-बारावीच्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार केला. बक्षीस घेऊन प्रत्येकाने ध्वनिक्षेपकासमोर येऊन पुढे काय शिकणार ते सांगितले. कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी फार्मसी, कोणी कॉम्प्युटर. प्रत्येक उत्तराला टाळ्या पडल्या. मग एक मुलगी आली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला इतिहास शिकायचा आहे." टाळ्या पडल्या, पण त्यांच्या आधी सभागृहात एक बारीकसे हसू उमटले.

ते हसू दुष्टपणाचे नव्हते, हे मी जाणतो. ते काळजीचे हसू होते. घरात कमावता एकच. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातो, कोणी मालेगावात यंत्रमागावर उभा राहतो, कोणी भद्रकालीत दुकान सांभाळतो. अशा बापाला मुलीच्या तोंडून "इतिहास" ऐकू आला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मग पोट कशावर भरणार?" हा प्रश्न खोटा नाही. मी तीस वर्षे शाळेत इतिहासच शिकविला आहे आणि हा प्रश्न मला दरवर्षी जून महिन्यात ऐकावा लागला आहे. म्हणून आज लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून मी त्या मुलीसाठी आणि तिच्या वडिलांसाठी बोलणार आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. तो माझ्या कमीपणाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका गावच्या मशिदीचे दोन विश्वस्त माझ्याकडे आले. एका जुन्या कापडात गुंडाळलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. मशिदीच्या जमिनीसंबंधी कुठे तरी अर्ज चालू होता आणि हा कागद त्यांच्या आजोबांच्या पेटीत सापडला होता. "सर, तुम्ही इतिहासाचे. एवढे वाचून द्या," ते म्हणाले. कागदाच्या वरच्या भागात फारसी मजकूर होता, खाली मोडी. मला त्यातले एकही वाचता आले नाही. लढायांचे सन मला पाठ होते. पण इतिहासाचा खराखुरा कागद समोर आला तेव्हा मी निरक्षर ठरलो.

मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ शहरात मिळाले. त्यांनी खालचा भाग वाचून दिला. वरच्या फारसीसाठी एका वृद्ध मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांना फारसी येत होती, पण तो मजकूर शिकस्ता वळणाचा, म्हणजे घाईने मोडून लिहिलेला होता. ते अक्षर त्यांच्या नजरेला लागेना. शेवटी कागदाची प्रत पुण्याला गेली. मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनीचा तो कागद आहे असा उलगडा झाला, तोवर तीन महिने लोटले होते आणि अर्जाची तारीख निघून गेली होती. विश्वस्तांना पुन्हा पहिल्यापासून धावपळ करावी लागली.

त्या दिवशी माझ्या मनात आले : आपल्या समाजाने इतके डॉक्टर केले, इतके इंजिनिअर केले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्याच पेटीतला आपलाच कागद वाचणारा एक माणूस आपण तयार केला नाही. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, कायद्याचा मूलगामी अभ्यास, या सर्वांना मिळून मानव्यविद्या म्हणतात. या विद्यांना आपण "काहीच जमले नाही तर आर्ट्स" असे नाव देऊन ठेवले आहे.

आज मला ज्या पुरुषाची ओळख करून द्यायची आहे, त्याने आपले सारे आयुष्य या विद्यांसाठी वेचले. तो आपल्याच महाराष्ट्राचा. नाव आसफ अली असगर फैजी. वकील, प्राचार्य, राजदूत, लोकसेवा आयोगाचे सदस्य, कुलगुरू, अशी एकाहून एक मोठी पदे त्यांनी भूषविली. पण हातातली जुनी पोथी त्यांनी कधी खाली ठेवली नाही.

फैजी साहेबांचा जन्म 10 एप्रिल 1899 रोजी माथेरानला झाला. घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे. मुंबईचे तय्यबजी आणि फैजी ही नात्यागोत्याने जोडलेली घराणी. 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी करण्यात ज्यांचा पुढाकार होता आणि 1887 साली मद्रास येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच परिवारातले. अतिया फैजी याच घराण्यातल्या. शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी त्या 1906 साली लंडनला गेल्या. आज मुलीला पुण्याला ठेवायचे म्हटले तरी आपल्या घरात दोन रात्री चर्चा चालते. त्या काळी एक मुसलमान तरुणी समुद्र ओलांडून शिकायला गेली, हे ध्यानात ठेवावे.

मुंबईत शिक्षण झाल्यावर आसफ फैजी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. त्या काळी विलायतेला जाणारा तरुण बहुधा बॅरिस्टर होऊन परतत असे. फैजीही बॅरिस्टर झाले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. केंब्रिजमध्ये त्यांनी अरबी आणि फारसीचा पद्धतशीर अभ्यास केला. मुसलमानाच्या मुलाला अरबी शिकायला केंब्रिजला जाण्याची काय गरज, असे कोणी विचारील. अरबी अक्षरे ओळखणे, कुराणशरीफचे पठण करणे, ही पवित्र गोष्ट आहे आणि ती घरोघरी चालते. पण हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ उघडून त्याचे व्याकरण सोडविणे, त्यातील शब्दाचा त्या काळचा अर्थ शोधणे, दोन प्रतींत फरक आढळला तर खरा पाठ कोणता ते ठरविणे, हे वेगळे शास्त्र आहे. ते शास्त्र ते तिथे शिकले.

परत आल्यावर 1926 पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. दिवसा कोर्ट आणि बाकीचा वेळ ग्रंथ. 1933 साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन ही संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत फैजी होते. त्याच वर्षी इस्माइली पंथाच्या मृत्युपत्रविषयक कायद्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. वकिली सोडून संशोधन केले असे नाही. वकिलीने घर चालविले आणि संशोधनाने मन. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पोटाच्या प्रश्नाचे एक उत्तर तिच्यात आहे.

1938 ते 1947 या काळात ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. मुसलमानी कायद्यावरील त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ 1949 साली निघाला. त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. कायद्याचे विद्यार्थी तो अभ्यासतात आणि न्यायालयांच्या निवाड्यांत त्याचे दाखले दिले जातात. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात नुसती कलमे नाहीत. एखादा नियम कोठून आला, कोणत्या इमामांच्या मतावर उभा राहिला, हिंदुस्थानात इंग्रजांच्या कोर्टात शिरल्यावर त्याचे काय झाले, असा सगळा मागोवा त्यांनी घेतला आहे. त्यांच्या हाती कायदा हाही मानव्यविद्येचाच विषय होतो.

याने काय फरक पडतो? दोन उदाहरणे देतो. दोन्ही तुमच्या-माझ्या घरापर्यंत येणारी आहेत.

पहिले उदाहरण वक्फचे. इंग्रजी अमलात न्यायाधीश इंग्रज होते आणि अरबी ग्रंथ त्यांच्यापर्यंत बहुधा भाषांतरातून पोचत. त्यांतले प्रसिद्ध भाषांतर 'हिदाया' या हनफी ग्रंथाचे. चार्ल्स हॅमिल्टन यांनी ते 1791 साली इंग्रजीत आणले. पण ते मूळ अरबीवरून नव्हे, तर फारसी भाषांतरावरून केलेले होते. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. अशा साधनांवर न्यायदान चाललेले असताना 1894 साली कलकत्त्याहून गेलेल्या एका अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, वंशजांसाठी पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न ठेवून अगदी शेवटी गरिबांचा उल्लेख करणारा वक्फ वैध नाही. आपल्या लेकराबाळांचे पालनपोषण हेही इस्लामी शास्त्रात पुण्याचे काम मानले आहे, हा मुद्दा तिथे टिकला नाही. वास्तविक मूळ ग्रंथ वाचू शकणारे न्यायमूर्ती अमीर अली यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात त्याआधीच वेगळे मत नोंदविले होते. पण ते एकटे पडले. पुढे 1913 साली खास कायदा करून हा निर्णय फिरवावा लागला. एकोणीस वर्षे गेली. मूळ ग्रंथ वाचून न्यायासनासमोर अधिकाराने बोलणारे आणखी दहा लोक असते, तर कदाचित इतकी वर्षे लागली नसती.

दुसरे उदाहरण आपल्या लेकीबाळींचे. नवरा परागंदा झाला आहे, जिवंत की मेलेला ठाऊक नाही, पोटगी नाही, अशा स्त्रीला हनफी शास्त्राप्रमाणे सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. मालिकी शास्त्रात मात्र वाट होती. उलेमांनी ग्रंथ धुंडाळले आणि अडचणीच्या प्रसंगी दुसऱ्या इमामांचे मत स्वीकारता येते, या तत्त्वाचा आधार घेतला. त्यातून मुस्लिम विवाहविच्छेदाचा 1939 चा कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, किंवा त्याने दोन वर्षे पोटगी दिली नसेल, तर पत्नीला न्यायालयाकडे दाद मागता येते, हे त्या कायद्याने ठरले. सभागृहातील भगिनींनो, या कायद्याने किती बायकांचे अश्रू पुसले असतील! आणि त्याची सुरुवात कुठून झाली? जुने ग्रंथ वाचणाऱ्या, ताडून पाहणाऱ्या माणसांच्या मेहनतीतून. पोथी वाचणे हे रिकामपणाचे काम नव्हे. फैजी साहेबांनी आपल्या ग्रंथात कायद्याच्या अशा प्रवासाचे विवेचन केले आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाकडे येतो.

दहाव्या शतकात फातिमी खलिफांच्या राजवटीत काजी नुअमान नावाचे थोर न्यायशास्त्री होऊन गेले. 974 साली ते वारले. त्यांचा 'दआइमुल इस्लाम', म्हणजे इस्लामचे आधारस्तंभ, हा ग्रंथ फातिमी कायद्याचा पाया मानला जातो. फातिमींचे राज्य गेले, पण हा ग्रंथ येमेनमध्ये आणि पुढे गुजरात-मुंबईकडच्या बोहरा जमातीत हस्तलिखितांच्या रूपाने टिकून राहिला. ही हस्तलिखिते पेट्यांत, कुलुपांत असत. ती जमातीबाहेरच्यांना दिसत नसत आणि जमातीतल्या सामान्य माणसाच्याही हाती लागत नसत.

फैजींनी ती उघडली. पोथी उघडणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. छापखाना नसताना ग्रंथाची प्रत हाताने उतरून काढीत. लिहिणाऱ्याचा डोळा चुकतो, ओळ गळते, नुक्ता इकडचा तिकडे होतो. अरबीत एका नुक्त्याने शब्द बदलतो, आणि कायद्याच्या ग्रंथात शब्द बदलला की हक्क बदलतो. म्हणून संपादक अनेक प्रती मिळवितो, ओळ अन् ओळ ताडून पाहतो, फरक टिपून ठेवतो आणि कोणता पाठ का स्वीकारला ते तळटीपेत सांगतो. हे काम सोनाराच्या तराजूसारखे आहे. मोठ्याने बोलता येत नाही, घाई करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 ते 1951 या काळात फैजी इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. ज्या शहरी फातिमींनी राज्य केले, त्याच कैरो शहरात 1951 साली 'दआइम'चा त्यांनी संपादित केलेला पहिला खंड छापला गेला. दुसरा खंड यायला सुमारे दहा वर्षे लागली. दरम्यान 1952 ते 1957 पर्यंत ते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य होते. देशाचे अधिकारी निवडण्याचे ते काम. तेथेही दिल्लीचा थाट त्यांना पोथीपासून दूर नेऊ शकला नाही.

1957 साली ते जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1960 पर्यंत त्या पदावर होते. 1948 साली स्थापन झालेले ते विद्यापीठ तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. जम्मू आणि श्रीनगर अशी दोन स्वतंत्र विद्यापीठे 1969 साली झाली. फैजींच्या काळी सारा कारभार एकत्र होता. ज्या भूमीत कल्हणाने बाराव्या शतकात संस्कृतात राजांचा इतिहास लिहिला आणि नंतरच्या शतकांत फारसीत इतिहास लिहिले गेले, त्या भूमीच्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी अरबी-फारसीचा हा जाणकार बसला. नव्या राष्ट्राला धरणे हवी होती, पोलाद हवे होते, इंजिनिअर हवे होते. तो धरणांचा आणि पोलादाचा काळ होता आणि तो रास्तच होता. अशा काळात एका विद्यापीठाच्या शिरोभागी भाषा, कायदा आणि इतिहासाचा माणूस असणे, हेही देशाला हवे होते असे मला वाटते. कारण विद्यापीठ म्हणजे नुसते नोकरदार घडविण्याचे ठिकाण नव्हे. आपण कोण, कुठून आलो, कशाला न्याय म्हणायचे, हे विचारण्याचीही एक जागा समाजाला लागते.

1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. दुसऱ्याच वर्षी इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहण्याविषयीचे त्यांचे छोटेखानी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अभ्यासाचा एक कार्यक्रमच मांडला आहे : धर्मांचा इतिहास अभ्यासा, शेजारच्या धर्मांशी तुलना करा, अरबीसारख्या सेमिटिक भाषांचे शास्त्र शिका, धर्म आणि कायदा यांतला भेद ओळखा, विज्ञानाने सांगितलेल्या गोष्टींकडे पाठ फिरवू नका. पाहा, यातली बहुतेक कामे मानव्यविद्यांचीच आहेत.

या पुस्तकातील सगळीच मते सर्वांना मान्य झाली नाहीत. धर्म आणि कायदा वेगळे काढण्याचा त्यांचा विचार अनेक विद्वानांना पटला नाही, आणि आजही पटत नाही. इथे बसलेल्यांपैकीही अनेकांना तो पटणार नाही. त्याला हरकत नाही. पण त्यांच्याशी वाद घालायचा असेल, तर त्यांच्याइतके अरबी यावे लागेल, त्यांच्याइतके ग्रंथ वाचावे लागतील. म्हणजे विरोध करायलाही पुन्हा तीच विद्या लागते! अभ्यासाला उत्तर अभ्यासानेच देता येते.

त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याजवळचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. 1965 साली त्याची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने छापली. राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या त्या विद्यापीठाने ज्या पोथ्या सांभाळल्या, त्या आता कोणा एका घराण्याच्या राहिल्या नाहीत. अभ्यास करू पाहणाऱ्याची जात, पंथ, धर्म कोणताही असो, त्या त्याच्या आहेत. संपत्तीचा वारसा मुलांना देणारे पुष्कळ. विद्येचा वारसा अनोळखी विद्यार्थ्याला देणारे थोडे.

23 ऑक्टोबर 1981 रोजी फैजी साहेबांचे निधन झाले. 'दआइम'चे इंग्रजी भाषांतर त्यांनी हाती घेतले होते, पण ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकले नाही. ते कागद वाया गेले नाहीत. प्राध्यापक इस्माइल पूनावाला यांनी ते भाषांतर तपासून, सुधारून, टीपा जोडून सिद्ध केले आणि 2002 व 2004 साली त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. गुरू गेल्यानंतर वीस वर्षांनी काम तडीस गेले. दहाव्या शतकातला काजी, विसाव्या शतकातला मुंबईचा वकील आणि एकविसाव्या शतकातला प्राध्यापक, हे एकाच दोरीला लागलेले तीन हात आहेत.

आता पालकांकडे वळतो. तुमच्या मनातला आक्षेप मला ऐकू येतो. "सर, फैजी मोठ्या घरचे. त्यांना केंब्रिज परवडले. आमच्याकडे महिन्याची एक तारीख आली की दूधवाला, घरभाडे आणि फी एकदमच दारात उभी राहतात."

आक्षेप खरा आहे. खोटी आशा मी देणार नाही. नुसती बी. ए. ची पदवी घेतली आणि वाचन काही केले नाही, तर नोकरी मिळत नाही. पण नुसती इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी बसलेली मुलेही आपल्या मोहल्ल्यात आहेत ना? पदवी कोणतीही असो, हातात एक पक्के कौशल्य लागते. इतिहास शिकणाऱ्या मुलीने त्यासोबत मोडी लिपी शिकावी, फारसी शिकावी, उत्तम मराठी आणि इंग्रजी लिहावे. पुढे कायद्याची पदवी घ्यावी. कोर्टात, भूमिअभिलेखात, पुराभिलेखागारात, वर्तमानपत्रात, प्रकाशनात, भाषांतराच्या कामात अशी माणसे लागतात. स्पर्धा परीक्षांतही इतिहास आणि राज्यघटना पक्की असणारा विद्यार्थी मागे राहत नाही. सुरुवातीला पगार कमी असेल. हे मान्य करूनच पुढे जावे. फैजींनी वकिली आणि पोथी दोन्ही सांभाळल्या, ते याचसाठी मी मघाशी सांगितले.

आणि यासाठी केंब्रिजला जायला नको. आपल्या नाशिकमध्ये 1924 पासून कला शाखेचे महाविद्यालय आहे. 1989 साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. काम करता करता, घर सांभाळता सांभाळता तिथे शिकता येते. पुण्याला पेशवे दप्तराचे प्रचंड मोडी कागद आहेत. भाषेचा कैवार घेण्याची परंपरा तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. मुंबई विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून झटलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्माने निफाडचे. रानडे न्यायाधीश होते, फैजी वकील होते. दोघांनाही पोटापाण्याचा धंदा सांभाळून विद्येची चाकरी करता आली.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी तीन नम्र विनंत्या आहेत. एक, गुणवंतांसाठी आपण ज्या शिष्यवृत्त्या देतो, त्यांतली निदान एक दरवर्षी भाषा किंवा इतिहास घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी; मुलगी असेल तर अधिक चांगले. दोन, मे महिन्याच्या सुट्टीत मोडी आणि फारसीचा वर्ग सुरू करावा. शिकवायला निवृत्त मंडळी मिळतील. पहिल्या बाकावर विद्यार्थी म्हणून मी येऊन बसेन. तीन, आपापल्या घरात, मशिदीत, दर्ग्यात जे जुने कागद असतील, त्यांची एक यादी करावी. कागद कोणी कोणाला देऊ नयेत, विकू नयेत. फक्त छायाचित्र काढावे आणि यादीत नोंद करावी. वाळवी आणि पावसाळा कोणाची वाट पाहत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांनी जरूर व्हावे. समाजाला तुमची गरज आहे. पण डॉक्टर झालात तरी एक भाषा अशी शिका जिचा परीक्षेशी संबंध नाही, आणि एक ग्रंथ असा वाचा जो कोणी वाचायला सांगितलेला नाही. रोग्याचा देह तपासताना त्याचे दुःखही समजावे लागते. ते पाठ्यपुस्तकात नसते.

आणि बेटी, तू जी मघाशी थांबून बोललीस, तुला शेवटचे सांगतो. सभागृहात हसू उमटले तेव्हा तू मान खाली घातलीस. ती वर कर. ज्या दिवशी एखाद्या गावचे विश्वस्त कापडात गुंडाळलेला कागद घेऊन तुझ्याकडे येतील आणि तू तो समोर धरून वाचून दाखवशील, त्या दिवशी हेच लोक टाळ्या वाजवतील. त्या विश्वस्तांना मग तीन महिने वणवण करावी लागणार नाही. माझ्याच्याने ते झाले नाही. तुझ्याच्याने व्हावे, अशी अल्लाहजवळ दुआ करतो आणि माझे भाषण संपवितो.